ब्लॉक केलं की नवीन अकाउंट काढून येतो, इन्स्टा बंदच करावं का?

मेंदीची_पानं

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आलीये. मी नाशिकची, मेंदीची कामं घेते, लग्न, साखरपुडा, डोहाळजेवण, आणि हरतालिकेच्या आदल्या दिवशी तर जेवायला फुरसत नसते. जवळजवळ सगळी कामं इन्स्टावरूनच येतात त्यामुळे अकाउंट पब्लिक आहे, बिझनेस अकाउंट.

दिवाळीच्या सुमारास एक अकाउंट मागे लागलं. डीपी नाही, एक पोस्ट नाही, नावात नुसते आकडे. आधी "नाइस डिझाइन" वगैरे कमेंट, मी सगळ्यांना देते तसा त्यालाही हार्ट दिला. मग डीएममध्ये "जेवलीस का". मी उत्तर दिलं नाही. मग "आज गंगापूर रोडला होतीस ना, दमली असशील". स्टोरीला लोकेशन मीच टाकलं होतं म्हणून म्हटलं बघितलं असेल, सोडून दे, आणि ब्लॉक केलं. दोन दिवसांत दुसरं अकाउंट. ते उडवलं तर तिसरं. आता मोजायचं सोडलंय.

खरी भीती पुढच्या दोन मेसेजची वाटली. मागच्या महिन्यात चुलत बहिणीची हळद होती, रात्री घरी येऊन बघते तर "हिरवी साडी छान होती पण केस बांधायला नको होते". त्या दिवशी मी एकही फोटो टाकलेला नाही, स्टोरीसुद्धा नाही. आणि परवा हा: "पहाटे ४:१० चा जन्म ना तुझा? म्हणूनच एवढी हट्टी आहेस". माझी जन्मवेळ माझ्या जवळच्या मैत्रिणींनाही माहीत नाहीये हो!

मध्येच एका अनोळखी नंबरवरून बुकिंग आलं, सिन्नरच्या बाजूला फार्महाऊसवर नवरीची मेंदी, "एकट्याच या, जास्त गर्दी नको". मी गेले नाही. तो हाच होता की दुसरा कोणी, माहीत नाही.

घरी आई म्हणते बंद कर ते सगळं, भाऊ म्हणतो फक्त नाव शोध, मी पोरं घेऊन जातो. चौकीत गेले तर म्हणाले मॅडम अकाउंट प्रायव्हेट करा नाहीतर नंबर बदला. अहो नंबर बदलला तर सीझनच्या ऑर्डरी कुठे शोधू? काय करावं सांगा, अकाउंट खरंच बंद करू का?

शांताराम_आप्पा

बेटा, राग मानू नकोस, पण मुळात बायकामुलींनी कुठे जातोय, काय नेसलोय हे जगाला सांगायचंच कशाला? आमच्या वेळी दारावर पाटी लावली की धंदा चालायचा. बंद कर आणि जुन्या गिऱ्हाइकांवर काम कर असं माझं मत.

खारी_बिस्कीट

आप्पा, तुमच्या वेळी पाटीवर पत्ता असायचा ना, मग तेव्हा कोणी दारात येऊन उभा राहिला तर पाटी काढा म्हणायचे की त्याला हाकला म्हणायचे?? आणि पोस्ट परत वाचा, तिनं साडीचा फोटो टाकलाच नाहीये. तिच्या अकाउंटवर फक्त हात आहेत, तेही दुसऱ्यांचे.

आडनाव_नको

ताई मला जन्मवेळेवरच अडकायला झालंय. साडीचं समजू शकतो, हळदीत शंभर मोबाईल असतात, कुणीतरी टाकलेच असणार फोटो. पण जन्मवेळ कोण कुठे टाकतं? एकाच कागदावर असते ती. तुमचं स्थळ बघणं चालू आहे का? लग्नाचा बायोडाटा कुणाकुणाला पाठवलाय?

मेंदीची_पानं

अरे देवा. हो, चालू आहे. बाबांनी पीडीएफ करून घेतलीये आणि मामा, आत्या, वधूवर मंडळ, सगळ्यांना दिलीये. आणि साडीचंही आत्ता बघितलं, बहिणीच्या नणंदेने फेसबुकवर अख्खा अल्बम टाकलाय, पब्लिक, सगळ्यांना टॅग करून.

आडनाव_नको

मग झालं की. त्या पीडीएफमध्ये नाव, वडलांचं नाव आणि नोकरी, घराचा पत्ता, जन्मतारीख वेळ ठिकाण, मामाचं कूळ, दोन फोन नंबर आणि तुमचा उभा फोटो, बरोबर ना? बँकेचं केवायसी यापेक्षा कमी माहितीत होतं. आणि ही फाईल पाचशे माणसांच्या ग्रुपवर पडते तिथून कोण कुठे फॉरवर्ड करतं त्याला काही धरबंद नसतो. माझ्या बहिणीच्या लग्नाला चार वर्षं झाली, तिचा बायोडाटा अजून फिरतोय, मध्ये एका काकूंनी तिच्या सासरीच फोन केला होता स्थळ विचारायला!!

आम्ही धाकटीच्या वेळी काय केलं ते सांगतो. पहिल्या बायोडाट्यात फक्त नाव, शिक्षण, काम, तालुका जिल्हा, आणि वडलांचा एक नंबर. पत्रिकेसाठी जन्मवेळ लागते ती समोरच्याने रस दाखवला आणि दोन्हीकडच्या मोठ्यांचं बोलणं झालं की मग. फोटोसुद्धा तेव्हाच. दुसरी गंमत म्हणजे प्रत्येक ठिकाणी द्यायच्या फाईलमध्ये एक बारीकसा फरक ठेवला, एकात छंद "वाचन, स्वयंपाक" तर दुसऱ्यात "स्वयंपाक, वाचन". फाईल फिरत आली की कुठून फुटली ते लगेच कळतं. तुमच्याकडे बाबांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे बायोडाटे दिले असतील तर ते सगळे शोधून समोरासमोर ठेवून बघा, जन्मवेळ सगळ्यांत आहे का ते.

टेस्टर_भाऊ

अकाउंट बंद करू नका. तुमच्या बाबतीत तरी त्याचा उपयोग नाही, कारण तो स्टोरीतला गंगापूर रोड सोडला तर माहिती तुमच्या अकाउंटवरून जातच नाहीये, नातेवाईकांकडून जातेय. आणि चौकीत सांगितलं तसं प्रायव्हेट करायचं म्हटलं तरी इन्स्टावर बिझनेस अकाउंट प्रायव्हेट होतच नाही, आधी ते साधं पर्सनल करावं लागतं, मग नवीन नवरी तुम्हाला शोधणार कशी.

सगळ्यात आधी तुमचं दुकान आणि तुम्ही यांच्यात भिंत घाला. मेंदीचं अकाउंट वेगळ्या सिमवर आणि वेगळ्या ईमेलवर न्या, घरचा नंबर फक्त घरच्यांना. जुना नंबर लगेच बंद नका करू, चालू ठेवा आणि हळूहळू गिऱ्हाइकं तिकडे वळवा, म्हणजे ऑर्डरी जाणार नाहीत. गुगल मॅपवर तुमचं नाव टाकलंय का? टाकलं असेल तर घराचा पत्ता दिसत असणार. तिथे पत्ता काढून टाकून फक्त कुठल्या भागात सेवा देता एवढं ठेवता येतं, तुम्ही तसंही लोकांच्या घरी जाऊन काम करता. तसंच तुम्ही स्वतः गुगलवर हॉटेलांना पार्लरला स्टार दिले असतील तर तेही नावासकट पब्लिक असतात, कुणीही बसून तुमची फिरण्याची जागा काढू शकतं. हे लोकांच्या डोक्यातच येत नाही.

आणि यूपीआय!! बऱ्याच जणांचा यूपीआय आयडी म्हणजे मोबाईल नंबर असतो, क्यूआर कोड दिला की नंबर गेला. ॲपमध्ये जाऊन नंबर नसलेला दुसरा आयडी करून घ्या.

स्टोरीचं म्हणाल तर काम करताना लाइव्ह लोकेशन टाकू नका, घरी पोचल्यावर टाका, गिऱ्हाइकाला तरी कुठे फरक पडतो. टॅगला परवानगीचं सेटिंग चालू करा, इन्स्टावर आणि फेसबुकवर दोन्हीकडे, म्हणजे कुणी टॅग केलं तरी तुम्ही हो म्हटल्याशिवाय तुमच्या प्रोफाइलवर येत नाही. पण नणंदेच्या अल्बमवर तो फोटो राहतोच हं, त्यासाठी तिला फोन करूनच सांगावं लागेल. फेसबुकची फ्रेंडलिस्ट "ओन्ली मी" करा, हे लोक तुमच्यापेक्षा तुमच्या मित्रयादीतून जास्त माहिती काढतात. प्रोफाइल लॉक २०२० पासून आहेच भारतात, आईचं आणि मावशीचं पण करून टाका, एका दुपारचं काम आहे.

ब्लॉक करताना इन्स्टा विचारतं की या माणसाची बाकीची आणि पुढे काढलेली अकाउंट पण ब्लॉक करू का, तो पर्याय घ्या. शंभर टक्के चालतो असं नाही, दुसऱ्या फोनवरून दुसऱ्या ईमेलने आला तर निसटतो. म्हणून एखादं अकाउंट ब्लॉक न करता "रिस्ट्रिक्ट" करून बघा. त्याची कमेंट फक्त त्यालाच दिसते, मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात आणि तुम्ही वाचलं की नाही ते त्याला कळत नाही. त्याला वाटतं सगळं चालू आहे, तो नवीन अकाउंट काढत बसत नाही, आणि तुमच्याकडे पुरावा आपोआप जमा होत राहतो.

एकदा व्हॉट्सॲपचं लिंक्ड डिव्हायसेस उघडून बघा कुठला अनोळखी कॉम्प्युटर जोडलेला आहे का, आणि गुगल मॅपमध्ये लोकेशन शेअरिंग कुणाला चालू आहे का. ओळखीतलं कुणी दोन मिनिटं फोन हातात घेऊन हे चालू करून ठेवू शकतं. "तुमचं प्रोफाइल कुणी पाहिलं ते बघा" असलं कुठलंही ॲप मात्र घेऊ नका, इन्स्टा ही माहिती कुणालाच देत नाही, ती ॲप्स तुमचाच पासवर्ड घेऊन जातात.

वकीलीणबाई

मेंदीताई, टेस्टर भाऊंनी सांगितलंय ते सगळं करा पण त्याच्या आधी पुरावा. आजच, आत्ताच. इन्स्टावर पाठवणाऱ्याने मेसेज अनसेंड केला की तुमच्याकडूनही जातो. नुसता मेसेजचा स्क्रीनशॉट पुरत नाही, त्यात युजरनेम, तारीख वेळ दिसली पाहिजे, आणि प्रोफाइलची लिंक वेगळी कॉपी करून ठेवा. शक्य असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा, प्रोफाइल उघडलं, तिथून चॅटमध्ये गेलं, वर सरकवत सगळं दाखवलं असं. व्हॉट्सॲपवर एकदाच बघता येणारा फोटो पाठवला तर स्क्रीनशॉट निघत नाही, घरातल्या दुसऱ्या फोनने काढा. एका वहीत तारीखवार लिहून ठेवा, तो सिन्नरचा फोन पण त्यात लिहा.

मग त्याला एकच मेसेज करा: "मला तुमच्याशी कोणताही संपर्क नको आहे, यापुढे मेसेज करू नका." बस. शिवी नाही, धमकी नाही, दुसरा मेसेज नाही. हे का सांगते तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये, म्हणजे आधीच्या आयपीसीचं ३५४ड, स्त्रीने स्पष्ट नाही दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क करणं हा गुन्हा आहे. "ती कधी नाही म्हणालीच नाही" हा त्यांचा ठरलेला बचाव असतो, तो आधीच संपवून टाकायचा. त्याच कलमात दुसरा भाग आहे, स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल वापरावर पाळत ठेवणं, त्याला तर ती नाही म्हणाली की नाही हा प्रश्नच येत नाही. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तुमचं सगळं त्यानंतरचं म्हणून ७८.

खरं खरं सांगते, पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. दुसऱ्यांदा सिद्ध झाला तर पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. म्हणजे उद्या पकडला तर परवा बाहेर असेल, त्या तयारीने राहा. पण दखलपात्र गुन्हा आहे, पोलिसांना नोंदवून घ्यावाच लागतो, "नंबर बदला" हे उत्तर नाही. या कलमात बाईची तक्रार महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते, तसं मागा. हद्द आमची नाही म्हणाले तरी शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. सरळ सायबर पोलीस स्टेशनला गेलात तर बरं, कारण आयटी कायद्याची कलमं लागली तर तपास पीआय किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, चौकीतला हवालदार इथेच हात वर करतो. जाण्याआधी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका आणि त्याचा नंबर घेऊन जा. तिथे निनावीचा पर्याय दिसेल तो घेऊ नका, तुम्हाला पाठपुरावा करायचाय. १९३० हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, त्यावर वेळ घालवू नका. कुणी दारात आला, पाठलाग केला तर ११२. आणि तक्रार घेतलीच नाही तर पोलीस आयुक्तांना लेखी, पोचपावतीसकट, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट.

भावाला आवरा. मी असल्या केसमध्ये उलटी मारहाणीची फिर्याद बघितलीये, मग दोन्हीकडून तडजोड होते आणि मुलीची तक्रार मागे पडते. त्याचं अकाउंट स्टोरीवर टाकून "याला ओळखता का" पण नको. त्याने उद्या डीपीला कुणा तिसऱ्याचाच फोटो लावला तर भलत्याच माणसाची बदनामी तुमच्या गळ्यात.

कोपऱ्यातला_मी

वकीलीणबाई एक शंका, धागा पळवत नाही. आमच्या चुलत भावाला एक मुलगी असाच त्रास देतेय, ऑफिसात त्याच्या नावाने फेक अकाउंट काढलंय. पुरुषाला ७८ लागतं का?

वकीलीणबाई

नाही, ७८ मध्ये करणारा पुरुष आणि सोसणारी स्त्री असंच लिहिलंय. पण त्याच्या नावाने अकाउंट काढलंय ना, मग आयटी कायद्याचं ६६सी बघा, दुसऱ्याची ओळख वापरणं, त्यात स्त्री-पुरुष काही नाही. धमकी असेल तर संहितेचं ३५१. शिवाय इन्स्टाला "हा माझी नक्कल करतोय" या पर्यायाखाली रिपोर्ट करू द्या, साध्या रिपोर्टपेक्षा त्याकडे लवकर बघतात. आता मेंदीताईंकडे वळू.

नथनी_मेकअप

ताई मी पुण्यात ब्रायडल मेकअप करते, तुमचं ते फार्महाऊसचं वाचून अंगावर काटा आला कारण असला फोन आमच्या लाईनमध्ये प्रत्येकीला येतो. आमच्या ग्रुपचे नियमच झालेत आता. नवरीशी स्वतःशी व्हिडिओ कॉल झाल्याशिवाय बुकिंग धरायचं नाही, भाऊ बोलतोय, मित्र बोलतोय, चालणार नाही. लग्नपत्रिकेचा फोटो मागायचा. ॲडव्हान्स यूपीआयनेच, रोख नाही, कारण पैसे आले की बँकेतलं नाव दिसतं आणि खोटा माणूस इथेच फोन ठेवतो. नवीन गिऱ्हाइकाकडे हेल्परशिवाय जायचं नाही, हेल्परचा रिक्षाखर्च बिलात लावायचा, कुणीही कुरकुर करत नाही. आणि तो सिन्नरचा नंबर यूपीआय ॲपमध्ये टाकून बघा, पैसे पाठवू नका, नुसतं नाव येतं का बघा. नाव आलं म्हणजे तोच माणूस असं नाही हां, सिम कुणाच्याही नावावर असतं, पण वहीत लिहून ठेवा.

मेंदीची_पानं

सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस हेच करत होते म्हणून उशीर. बाबांकडून सगळे बायोडाटे काढून घेतले. तीन निघाले. मामाकडे दिलेल्यात जन्मवेळ ४:१५ आहे कारण टाइप करणाऱ्याने चुकवली होती, आत्याकडच्यात वेळच नाही. ४:१० फक्त तिसऱ्यात, आणि तो बाबांनी एकाच ठिकाणी दिलाय, आमच्या समाजाच्या वधूवर ग्रुपवर. त्यात माझा जुना नंबर आहे, आणि मला आठवतंय की पहिला "जेवलीस का" यायच्या आधी त्याच नंबरवर दोन-तीन मिस कॉल येत होते. यूपीआयमध्ये एक नाव आलंय, आडनाव ओळखीचं वाटतंय, इथे लिहीत नाही, पोलिसांनाच देणार.

नणंदेला फोन केला, तिनं लगेच अल्बम फक्त मित्रांसाठी केला, उलट मलाच म्हणाली अगं सांगायचं ना. तो एक मेसेज पण पाठवला जसाच्या तसा. त्यावर उत्तर आलं "बघतो किती दिवस राहतेस अशी, तुझे फोटो आहेत माझ्याकडे". माझे तसले कुठलेच फोटो नाहीयेत पण बायोडाट्यातला चेहरा घेऊन काही बनवलं तर?

टेस्टर_भाऊ

बनवलं तर त्याच्यासाठी स्टॉपएनसीआयआय म्हणून सोय आहे, १८ वर्षांवरच्यांसाठी. तसला फोटो हाती आला की तो तुमच्याच फोनवर ठेवून त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो, फोटो कुठेही अपलोड होत नाही, तो ठसा फेसबुक, इन्स्टा आणि आणखी काही कंपन्यांकडे जातो आणि तोच फोटो तिथे कुणी टाकला तर ओळखून काढून टाकतात. बनावट फोटोलाही चालतं. टेलिग्रामवर वगैरे मात्र याचा भरवसा धरू नका. आत्ता काही करायची गरज नाही, तो बहुतेक हवेत गोळ्या मारतोय, पण हा मेसेज पहिल्यांदा सेव्ह करा!

वकीलीणबाई

तो मेसेज म्हणजे त्याने स्वतःहून केस मजबूत करून दिलीये. नकार दिल्यावरचा संपर्क, वर धमकी. ३५१ पण लावायला सांगा, त्यात ओळख लपवून धमकी दिली तर वेगळी जादा शिक्षा आहे.

शांताराम_आप्पा

मी गेली बरीच वर्षं एका वधूवर मंडळाचं काम बघतो म्हणून सांगतो. ग्रुपवर कोण कधी आलं आणि कुणाच्या शिफारशीने आलं हे ॲडमिनला सांगता येतं, आमच्याकडे तर वही आहे. तुझ्या वडलांनी ॲडमिनला भेटून लेखी अर्ज द्यावा की बायोडाटा काढून टाका. ग्रुपमधून आता सगळ्यांसाठी डिलीट होईल न होईल, पण छापील पुस्तिका निघणार असेल तर त्यातून तरी नाव वगळता येईल. सभासदांची यादी ॲडमिन तुम्हाला देणार नाही, देऊही नये, पोलिसांनी मागितली की द्यावीच लागेल. पण नंबर बदलायचे प्रकार होतात, म्हणून आजच्या तारखेची यादी जपून ठेवा एवढं अर्जात लिहायला सांग.

खारी_बिस्कीट

आप्पा, ही आधी सांगायची गोष्ट होती हो, पाटीच्या आधी 😄

मेंदीची_पानं

आप्पा खरंच थँक्यू, बाबा उद्याच जाताहेत. आज सायबरला जाऊन आले, बाई होत्या पीएसआय, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पोर्टलचा नंबर होता म्हणून बरं झालं. सोमवारी जबाबाला बोलावलंय. एकच शेवटचं, फोन जमा करून घेतात का? पुढच्या आठवड्यात चार नवऱ्या आहेत आणि सगळ्या डिझाइन, पत्ते, ॲडव्हान्सचे हिशोब त्याच फोनमध्ये आहेत.

वकीलीणबाई

घेऊ शकतात, प्रत्येक वेळी घेतातच असं नाही. शनिवार-रविवारात पूर्ण बॅकअप घ्या, ऑर्डरी आणि पत्ते वेगळ्या कागदावर उतरवा. स्क्रीनशॉट आणि रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेऊन जा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ६५ब म्हणायचे ते. त्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते, म्हणून पेनड्राइव्हवर टाकल्यावर फाईलींना हात लावू नका, नावसुद्धा बदलू नका, क्रॉप तर अजिबात नाही. आणि मूळ चॅट फोनमधून डिलीट करू नका, बघवत नसलं तरी. फोन घेतलाच तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या, त्यात आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बरोबर लिहिलाय का ते तिथेच उभं राहून तपासा. लग्नसराई आहे, लवकर परत हवा असा अर्ज त्याच दिवशी देऊन ठेवा.